मागचं वाजणं

नागोठण्याच्या फलाटावर सकाळच्या दिवा पॅसेंजरची वाट बघताना पाच-दहा मिनिटं हाताशी असतात. हल्ली तेवढ्यात मी मार्क नॉफ्लर ऐकतो. 'डायर स्ट्रेट्स' या रॉक बँडचा हा गिटारवादक. बँडमध्ये गायचा तोच, वाजवायचा तोच, सगळा उजेड त्याच्यावर. पण १९९३ साली त्याचा 'स्क्रीनप्लेइंग' नावाचा अल्बम आला, त्यात त्याने चार सिनेमांना दिलेलं पार्श्वसंगीत निवडून एकत्र केलंय. आपल्याकडे व्हॅन शिप्ले यांनी गिटारवर, पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांनी अ‍ॅकॉर्डियनवर सिनेमाची गाणी वाजवली, त्याच्या तबकड्या निघाल्या. पण ती गाणी आधीच लोकांच्या ओठांवर होती. पार्श्वसंगीत कोण गुणगुणतं?

त्या चारांतला 'लोकल हीरो' हा १९८३चा सिनेमा. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं छोटं गाव, आणि ते अख्खं विकत घ्यायला आलेली अमेरिकन तेल कंपनी. (गावात कंपनी येणं म्हणजे काय, ते नागोठणेकरांना वेगळं सांगायला नको.) कंपनीचा माणूस गावात रमतो, पण शेवटी त्याला अमेरिकेला परतावं लागतं. इकडे गावातल्या टेलिफोनच्या लाल खोक्यात घंटा वाजत राहते. मग नॉफ्लरची धून सुरू होते. तो नखी वापरत नाही, नुसत्या बोटांनी तारा छेडतो. त्यामुळे सूर कसा जवळून आल्यासारखा वाटतो. एरवी पुढे उभा राहणारा हा माणूस इथे मागे राहतो, आणि जागा मिळाली की दोन सूर ठेवतो. न्यूकॅसल युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या मैदानावर आजही ती धून वाजते. नॉफ्लर लहानाचा मोठा झाला तो त्याच भागात.

परवा ती मागे राहून वाजणारी धून ऐकता ऐकता पाठीवरच्या पिशवीतला डबा आठवला. खाली तांदळाची भाकरी, वर रस्सा. झाकण लावल्यावर आई अंगठा गोल फिरवत त्याचं रबर दोनदा दाबते. मी तेव्हा चपला शोधत असतो. इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, कारण रस्सा कधी पिशवीत सांडलाच नाही. सांडला असता तर पहिल्याच दिवशी घरी फोन केला असता!

तेव्हापासून गाडी येईपर्यंत मी सकाळपासूनची अशी एखादी गोष्ट आठवून बघतो. रात्री कोणी आठवणीने दूध विरजलं, माझ्या छत्रीची मोडकी काडी कोणी दोऱ्याने बांधली. संध्याकाळी ज्याचं त्याला सांगून टाकतो. सुरुवातीला जरा अवघड वाटलं, आपल्या घरात असं कोणी बोलत नाही. काल आईला म्हटलं, "डब्याला नवीन रबर आणू का?"

"कशाला?" ती म्हणाली. "दोनदा दाबलं की बसतं."