सुटी खडी



आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी बाप्तिस्ता योहान आपल्याला प्रभूसाठी वाट तयार करायला सांगतो. संत लूक त्यासोबत यशया संदेष्ट्याचे बोलही देतो : दऱ्या भरायच्या, डोंगर उतरवायचे, खडबडीत वाट सपाट करायची. इतरांना हे रूपक वाटत असेल. जालन्याच्या जुन्या माणसाला ते दुष्काळी काम वाटते!

१९७२-७३ चा दुष्काळ आला तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होते. आपला जिल्हा १९८१ मध्ये झाला. विहिरी आटल्या, शेतकरी रस्त्याच्या कामावर गेला. बाया दिवसभर उन्हात बसून हातोडीने खडी फोडत. मजुरी मापावर, पोटाला सुकडी नाहीतर मिलो. आपल्या घरातल्या आजीला एकदा विचारून पाहा.

पण नुसती खडी टाकून रस्ता होत नाही. फोडलेल्या दगडाला कोपरे असतात, ते रोलरखाली एकमेकांत अडकतात. मग बारीक कच आणि मुरूम टाकून पाणी मारायचे, पुन्हा दाबायचे. नदीतला गोल गोटा असा अडकत नाही. दुष्काळात पाणी कुठून आणायचे? अनेक कामे अर्धवट राहिली. तरी त्या हातांमुळे एक गोष्ट घडली. १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून गावातल्या गरिबाला काम मागण्याचा हक्क मिळाला. त्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. कोणाचे घामाचे, कोणाचे पगाराचे, असे ते जुळले.

आज खडी क्रशरवर फुटते, पण सुटी राहिली की तशीच घातक. मोटारसायकलचे पुढचे चाक घसरते, मागे बसलेली बाई लेकरासकट पडते. आपण काय करतो? कंत्राटदाराला चार शब्द सुनावतो आणि पुढे जातो. मागून येणाऱ्याला ते शब्द ऐकू येत नाहीत, त्याला फक्त खडी भेटते. तक्रार अर्ज जरूर द्यावा, तो आपला हक्कच आहे. पण अर्जाचे उत्तर येईपर्यंत रोज संध्याकाळी अंधारात कोणीतरी त्या वळणावरून घरी येणार आहे, आणि तो आपल्या चर्चचा असेल-नसेल.

म्हणून येत्या रविवारी मिस्सानंतर चर्चकडे येणाऱ्या रस्त्याच्या वळणावरील सुटी खडी आपण बाजूला ओढणार आहोत. फावडी, घमेली, खराटे घरूनच आणावेत. वयस्करांनी सावलीत बसून तरुणांना सांगावे, खडी कशी ओढतात ते. त्यांना ठाऊक आहे.