दादाची जागा

थोरलीचं लग्न 2006 च्या वैशाखात झालं. शूटिंग गावातल्याच पोरानं केलं. कॅसेटवरचं चित्र तो संगणकात उतरवून घ्यायचा आणि विंडोज मूव्ही मेकरवर जोडणी करायचा. त्याची जोडणी व्हायच्या आत पेरणीच्या तोंडावर बांधावरून माझं नि दादाचं वाजलं. मी तणतणत त्या पोराकडे गेलो.

"सीडीत दादा दिसला नाही पाहिजे."

"आबा, सगळेच काढू?"

"सगळाच काढ."

त्यानं काढला. पंगतीत बुंदी वाढणारा दादा गेला. पोर सासरी निघाली तेव्हा मांडवाच्या मेढीला धरून रडणारा दादाही गेला.

गेल्या साली दादा वारला. तेराव्यानंतर नातवानं विचारलं, "मोठे आजोबा आईच्या लग्नाला आलेच नव्हते का?" त्यानं सीडी बघितली होती. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. रागात केलेली गोष्ट राग विरल्यावरही खोटं बोलत राहते, हे मला त्या दिवशी कळलं.

परत त्या पोराकडे गेलो. त्याचा जुना संगणक कधीच मोडीत गेला होता, पण हार्ड डिस्क शाबूत होती. नव्या संगणकात मूव्ही मेकर नसतो. कंपनीनं जानेवारी 2017 पासून ते द्यायचंच बंद केलं. त्याच्याकडे जुनं 2.6 ठेवलेलं होतं. ते टाकलं, लग्नाची फाईल उघडली, तर चित्राच्या जागी सगळीकडे लाल फुल्या. माझ्या पोटात गोळा आला.

तो म्हणाला, "आबा, या फाईलीत चित्र नसतंच. कुठला तुकडा कुठून कुठवर घ्यायचा, एवढा हिशोब असतो. चित्र डिस्कवर वेगळं असतं. आधी डिस्क डी होती, आता एफ झाली, म्हणून त्याला सापडत नाही." नवा पत्ता दाखवला तशी चित्रं आली.

"आणि कापलेलं?"

"ते कापलं म्हणजे दाखवू नको असं सांगितलं होतं. मूळ चित्र तसंच आहे. तासाला 13 जीबी लागतात, म्हणून बाकीच्यांची पुसली. तुमचं ठेवलं. वाटलं, कधीतरी मागाल."

दादा दिसला. हातात बुंदीची बादली.

मग प्रश्न पडला. दादाला परत घातला तर लग्न खरं होईल, पण मी केलेलं पुसलं जाईल. पोरं म्हणतील, भाऊ-भाऊ कायम एका ताटात जेवले. म्हणजे पहिल्यांदा दादाला कापलं, आता स्वतःचं पाप कापायचं. आणि न घालावा तर माणूस मेल्यावरही मांडवाबाहेर उभा.

शेवटी दादा घालून नवं करवून घेतलं, पण जुनी सीडी फोडली नाही. नातवाला दोन्ही दाखवलं आणि काय झालं ते सांगितलं.

त्यानं विचारलं, "केवढ्या बांधावरून, आजोबा?"

मी दोन्ही हात पुढं करून दाखवलं. हातभर.