लाख दाण्यांचा हिशेब

विनोबांच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, देवाला तांदळाचे एक लाख दाणे वाहण्याचा संकल्प केला होता. रोज बसून त्या एकेक दाणा मोजत. वडील नरहरराव बडोद्याला नोकरीला, विज्ञानाच्या वळणाचे, रंगांवर प्रयोग करणारे. त्यांनी सुचवलं की तोळाभर तांदूळ घे, त्यातले दाणे मोज, त्यावरून लाखाला किती तोळे लागतील ते काढ, आणि कमी पडू नयेत म्हणून वर अर्धा तोळा टाक. आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी विन्या, म्हणजे विनोबा, घरी आला तेव्हा तिने त्याला विचारलं. तो म्हणाला की हे हिशेबाचं काम नाहीच. दाण्यागणिक देवाचं नाव मनात येतं, त्यासाठी मोजायचं.

ही हकिकत विनोबांनीच सांगितलेली आहे. मी पेण तालुक्यात आयुष्यभर गणित शिकवलं, आणि ज्या गागोदे बुद्रुकला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले ते गाव आमच्याच तालुक्यातलं. त्यामुळे या गोष्टीकडे मी गणिताच्या बाजूनेही पाहते. नरहररावांची पद्धत उत्तम आहे. नमुना घ्यावा, त्यावरून अंदाज बांधावा, चुकीसाठी थोडी जागा ठेवावी, हेच आम्ही वर्गात शिकवतो. तोळ्यात सहाशेच्या आसपास दाणे धरले तर लाखाला सुमारे १७० तोळे होतात. पण पहिल्या तोळ्यात पाच दाण्यांचा फरक पडला, तर शेवटी तो साडेआठशेवर जातो आणि अर्धा तोळा पुरत नाही. नेमके एक लाख दाणे हवेत तर रुक्मिणीबाईंचीच रीत लागेल. तरीही विन्याने हा मुद्दा काढला नाही, याचं मला फार मोल वाटतं. देवाखालोखाल आपल्याला गणित प्रिय, असं सांगणारा हा माणूस. आईची बाजू गणिताने जिंकून देणं त्याला अवघड नव्हतं. त्याने त्याऐवजी ती काय करते आहे ते ओळखलं.

शिकलेल्या घरांत हल्ली एक वाक्य सहज ऐकू येतं: एवढी हुशार मुलगी आणि संकष्टी धरते? मला त्याचा राग येतो. तेवढाच राग दुसऱ्या बाजूच्या युक्तिवादाचाही येतो. विनोबांसारखा बुद्धिमान माणूस देव मानत होता, तेव्हा देव असलाच पाहिजे, असं म्हणणारे काही कमी नाहीत. दोघेही माणसाच्या बुद्धीवरून देवाचा निकाल लावतात, किंवा देवावरून बुद्धीचा.

आमच्या कोकणातच पाहा. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला गणितात पहिले आले, म्हणजे सीनियर रँग्लर झाले. ते जन्मभर उघड निरीश्वरवादी राहिले. तिकडे गणिती रामानुजन आपली सूत्रं नामगिरी देवीच्या कृपेने सुचतात असं मानत, आणि त्यांना केंब्रिजला बोलावून घेणारे हार्डी नास्तिक. दोघे एकाच टेबलाशी बसून एकाच सूत्रावर काम करत होते. सूत्र बरोबर आहे की नाही, हे ठरवताना श्रद्धेचा प्रश्न मध्ये आला नाही.

संशोधन काही सांगत नाही असं नाही. २०१३ मध्ये झुकरमन आणि सहकाऱ्यांनी ६३ अभ्यास एकत्र तपासले. चाचण्यांत जास्त गुण मिळवणाऱ्यांमध्ये धार्मिकता सरासरीने थोडी कमी दिसली. हे नाकारायचं कारण नाही. पण तो सहसंबंध सुमारे उणे ०.२४ होता. त्याचा वर्ग करा, सहा टक्क्यांच्या आत येतो. म्हणजे माणसामाणसांतल्या फरकाचा फार मोठा भाग या आकड्याबाहेर राहतो. शिवाय बरेचसे अभ्यास अमेरिकेतले, आणि मोजली ती फक्त विश्लेषणाची बुद्धी. एखाद्या मुलीच्या कपाळावरचं कुंकू पाहून तिच्या गणिताच्या गुणांचा अंदाज बांधणारा माणूस सरासरीचा अर्थच विसरला आहे.

बुद्धीची कसोटी मला दुसरीकडे दिसते. माणूस आपल्या श्रद्धेलाही प्रश्न विचारतो का? आई १९१८ मध्ये गेली तेव्हा विनोबांनी पुरोहितांकडून अंत्यविधी करून घ्यायला नकार दिला आणि ते स्मशानात गेलेच नाहीत. ज्या आईवर जीव, तिच्यासाठीसुद्धा न पटलेलं केलं नाही. १९५३ मध्ये देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात ते हरिजनांना घेऊन गेले आणि पंड्यांनी त्यांना मारहाण केली. १९५८ मध्ये पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात ते इतर धर्मांच्या सहकाऱ्यांसह गेले. त्याच देवळाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केलं होतं. आगरकरांनी अश्रद्धेच्या बाजूने रूढींवर जो घाव घातला, तो या दोघांनी श्रद्धेच्या आतून घातला. आगरकर गेले ते साल १८९५, विनोबा जन्मले तेच. या योगायोगाला मी काही अर्थ चिकटवत नाही, पण वर्गात तारीख सांगताना आवर्जून सांगत असे.

श्रद्धेने विनोबांना सगळ्या चुकांपासून वाचवलं असंही नाही. आणीबाणीत त्यांचे ‘अनुशासन पर्व’ हे शब्द सरकारने आपल्या समर्थनासाठी वापरले, आणि ते पुरेसं स्पष्ट विरोधात उभे राहिले नाहीत हे मला आजही खुपतं. तो दोष त्यांच्या राजकीय निवाड्याचा आहे. तो त्यांच्या देवावर ढकलणं चूक, आणि देवाच्या नावाने झाकणंही चूक.

रुक्मिणीबाईंना मात्र अशा वादात सहसा अडाणी, भोळी आई म्हणून बाजूला बसवतात. त्यांना संस्कृत गीता कळत नव्हती. विनोबांनी वामन पंडितांची मराठी समश्लोकी गीता आणून दिली, तीही त्यांना अवघड वाटली. तेव्हा त्यांनी मुलाला सांगितलं की तूच का लिहीत नाहीस, तुला ते जमेल. नुसतं पाठ करून पुण्य मिळवायला त्या तयार नव्हत्या, त्यांना अर्थ हवा होता. १९३० च्या ऑक्टोबरात विनोबा ‘गीताई’ लिहायला बसले, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी ती पुरी केली.