हळव्या लेंकरांस कोणता चित्रपट दाखवावा?

पावसाची झड लागली, मुलें घरांत कोंडलीं, म्हणजे आईबाप त्यांस चित्रपट लावून देतात. तर हळव्या लेंकरास दुःख मुळींच दाखवूं नये काय? १९४२ सालच्या 'बॅम्बी'त पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीस बळी पडते. हा घाव कोंवळ्या मनास सोसत नाहीं. १९८८ सालच्या मियाझाकीकृत जपानी 'माय नेबर टोटोरो'तही आई रुग्णालयांत आहे, धाकटी मेई वाट चुकते. परंतु त्यांत दुष्ट कोणी नाहीं, आणि चुकलेलें लेंकरूं सांपडतें. सौम्य म्हणजे दुःखरहित नव्हे. ज्या दुःखांत लेंकरूं एकटें पडत नाहीं, तें सौम्य. म्हणून आईबापहो, चित्रपट आधीं स्वतः पाहा, मग लेंकराशेजारीं बसा. तें भ्यालें तर हसूं नका, चित्रपट थांबवा. ज्यास आपण भित्रेपणा म्हणतों, तें पुष्कळदां परदुःखानें द्रवणारें अंतःकरण असतें.