शेजारच्या पाळण्यासाठी



सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर उभे केले आणि म्हटले, उडी टाक, देवदूत तुला झेलतील. प्रभूने उडी टाकली नाही. पित्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. पण पित्याची परीक्षा पाहणे म्हणजे विश्वास नव्हे, हे तो जाणत होता. “आमचा देवावर भरवसा आहे, बाळाला सुई कशाला?” असे कोणी म्हणाले की मला ते शिखर आठवते.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, गोवराची साथ आली. मालेगाव आणि भिवंडीतही ती पसरली. काही मुले दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुले पुष्कळ होती. गोवर हा कोणाचा कोप नाही. तो खोकल्या-शिंकांतून हवेत पसरणारा रोग आहे. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत तेथे टिकू शकतात. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल इतरांना लागण देऊ शकते. लस नसलेल्या वस्तीत एका रुग्णापासून १२ ते १८ जण आजारी पडू शकतात.

आपल्याकडे या लसीचा पहिला डोस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. मग शेजारच्या पाळण्यातील पाच महिन्यांच्या बाळाचे रक्षण कोण करणार? त्याच्याभोवतीची मोठी मुले. शंभरातील ९५ मुलांना दोन्ही डोस मिळाले, तर रोगाला वाटच सापडत नाही. आपण सारे एका शरीराचे अवयव आहोत, असे संत पौल शिकवतो. ते येथे अक्षरशः खरे ठरते.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. पहिला डोस गावात होतो, दुसऱ्याच्या वेळी कुटुंब फडावर असते. मायबापांनो, कपड्यांच्या गाठोड्यात बाळाचे लसीकरण कार्डही ठेवा. कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात हा डोस विनामूल्य मिळतो. राहून गेला असेल तर पाच वर्षांपर्यंत घेता येतो.

सुईनंतर ताप येतो, एक दिवसाची मजुरी बुडते, ही अडचण खरी आहे. घाबरलेल्या आईला नावे ठेवू नका. आशाताईंना बोलवा, तिच्याबरोबर केंद्रावर जा, तिच्या दुसऱ्या लेकराला तेवढा वेळ सांभाळा.

आणखी एक गोष्ट. घरात ताप आणि पुरळ असलेले मूल असेल, तर त्याला डॉक्टरांना दाखवा आणि रविवारी मिस्साला आणू नका. आजाऱ्याची काळजी घेण्यासाठी घरी राहणाऱ्याला पाप लागत नाही. ख्रिस्तसभाच तसे शिकवते. इतरांनी मात्र त्या घराला वाळीत टाकू नये. पाण्याची घागर आणि गरम भाकरी त्यांच्या दारात ठेवावी. दूर राहूनही प्रेम करता येते.

काईनाने विचारले होते, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? या आठवड्यात घरचे कार्ड उघडून पाहा आणि आपले उत्तर परमेश्वराला द्या.

हे प्रभो, आमच्या आणि शेजारच्या लेकरांना सांभाळ, आणि त्या कामी आमचे हात वापर. आमेन.