दुसऱ्या होड्या

आजचा शास्त्रपाठ : मार्क ४:३५-४१



वादळ शांत होण्याचा हा उतारा आपण संडे स्कूलपासून इतक्यांदा ऐकलाय, की वाचताना डोळे ओळींवरून नुसते घसरत जातात. येशू झोपला, शिष्य घाबरले, वारा थांबला. संपलं. मीही वर्षानुवर्षं असाच वाचायचो.

मागच्या उपवासकाळात नगर रोडला एका दिवसाच्या रिट्रीटला गेलो होतो. हाच उतारा दिला होता. मी लगेच वही उघडून मुद्दे काढायला लागलो (आयटीवाल्याची सवय!). फादरांनी वही हळूच मिटली आणि म्हणाले, “अर्थ नंतर काढ, बाळा. आधी होडीत तर बस.”

खरं सांगतो, मला ते थोडं बालिश वाटलं. प्रार्थनेत कल्पना करायची म्हणजे मनाचे खेळच ना?

पण ही वाट जुनी आहे. १५२१ साली पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून इग्नेशियस लोयोला अंथरुणाला खिळला. शूरवीरांच्या कथा मागितल्या, तर घरात होती फक्त ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. पडल्या पडल्या तो दोन्ही तऱ्हेची स्वप्नं बघायचा. हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की दरबारातल्या पराक्रमाची स्वप्नं बघताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं. ख्रिस्तामागे जाण्याची स्वप्नं संपली तरी आनंद मागे उरतो. कल्पना खरी की पोकळ, हे ओळखायची ही कसोटी मला आजही सगळ्यात उपयोगी वाटते. पुढे त्याने लिहिलेल्या ‘आध्यात्मिक साधने’त तो येशूजन्माच्या मननाआधी नासरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता बघायला सांगतो. किती लांब, किती रुंद, सपाट की दऱ्याखोऱ्यांतून? गुहा ठेंगणी की उंच?

आपल्या मराठीत तर हे चारशे वर्षांपूर्वीच येऊन पोचलंय. फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, याच इग्नेशियसच्या येशूसंघाचे. १५७९ मध्ये ते गोव्याला आले आणि १६१६ मध्ये त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. गालिल आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर उभा करायला त्यांनी ओवी निवडली. ‘डोळ्यांसमोर उभं करणं’ हा आपला साधा वाक्प्रचार आहे. पण इग्नेशियसला नेमकं हेच हवं होतं.

असो. तर मी होडीत बसलो. गालिलचा समुद्र मी पाहिलेला नाही, खडकवासला पाहिलाय. जूनमध्ये अंधारून येतं आणि डोंगरावरून वारा एकदम पाण्यावर उतरतो, तेवढंच माझं भांडवल. १९८६ च्या दुष्काळात गालिलच्या काठाच्या चिखलात येशूच्या काळातली एक होडी सापडली होती. लांबी आठ मीटरच्या जरा वर, रुंदी सव्वादोन-अडीच मीटर. म्हणजे आपल्या पीएमपीच्या मोठ्या बसपेक्षाही लहान. त्यात तेरा माणसं, ओली दोरखंडं, माशांचा वास, आणि मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपलेला, दिवसभर बोलून थकलेला येशू. ती उशी फक्त मार्कने लिहिलीय. मत्तय आणि लूक यांच्याकडे ती नाही.

आणखी एक गोष्ट फक्त मार्ककडे आहे. छत्तिसाव्या वचनात. त्या रात्री पाण्यावर दुसऱ्याही होड्या होत्या.

मी तिथेच अडकलो. इतक्या वर्षांत हे कधी दिसलंच नव्हतं. पुढे त्या होड्यांचं काय झालं, मार्क सांगत नाही. मी अंधारात बघायला लागलो, तर शेजारच्या होडीत कुणीतरी दोन्ही हातांनी पाणी उपसत होतं. तो माझा दादा होता.

आई गेल्यानंतर फ्लॅटवरून आमचं वाजलं. चौदा महिने झाले, बोलणं नाही. मी रोज प्रार्थना करायचो, ‘प्रभू, मला या वादळातून काढ.’ वादळ म्हणजे दादा, असंच मी मनात धरलं होतं. तोही आईविना झालाय, त्याचीही होडी भरतेय, आणि येशू आपल्याकडे आहे असं वाटण्याचा आधारही कदाचित त्याला नाही, हे मला सुचलं नव्हतं. मग येशू उठला. वाऱ्याला गप्प केलं. आणि वारा थांबला, तो एकाच होडीपुरता कसा थांबेल? पाणी तर एकच होतं.

हे मी वचनात घातलं का? दादा मार्कच्या पानावर नाही, मान्य. पण त्या होड्या आहेत. आणि तासाभराने उठलो तेव्हा मन कोरडं नव्हतं. जड होतं, रडू येत होतं, पण कोरडं नव्हतं.

तुम्हीही आज वीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बसा. काही दिसलं नाही तरी चालेल. मला पहिली पंधरा मिनिटं फक्त बाहेरचे हॉर्न ऐकू येत होते.

काल रात्री दादाला मेसेज केला. ‘जेवलास का?’ एवढंच. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर अजून नाही.

प्रभू येशू, आज रात्री जे कुणी दुसऱ्या होडीत आहेत, त्यांचंही पाणी शांत कर. आमेन.