चुकीची कॉफी

नेदरलँड्समध्ये एका कॉफीचं नावच ‘चुकीची कॉफी’ आहे. डच भाषेत ‘कोफी फरकेर्ट’. तिथली नेहमीची कॉफी काळी, फार तर त्यात दुधाचा एखादा घोट. हिच्यात मात्र दूध निम्मं किंवा त्याहून जास्त. प्रमाण उलटं झालं म्हणून ती चुकीची. तरी लोक ती आवडीने मागवतात आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

शेलूबाजारच्या एखाद्या चहाच्या टपरीवर हे सांगून बघा, लोक हसतील. आपल्याकडे दूध कमी पडलं की चहा बिघडतो. घरी पाहुण्यांसाठी कॉफी करायची तर ती दुधातच, वर जायफळ किसून. म्हणजे अॅमस्टरडॅममध्ये जी चूक, तोच मंगरुळपीर तालुक्यात पाहुणचार. इथे ‘चूक’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की आमच्याकडे असं करत नाहीत.

भाषेचंही तसंच. वाशिम जिल्ह्यातला मुलगा पुण्यात शिकायला जातो, ‘मले कॉफी पायजे’ म्हणतो, आणि कोणीतरी त्याला लगेच सुधारतं. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात ह्याच वऱ्हाडात, रिद्धपूरला तयार झालं, हे सुधारणाऱ्याला बहुधा माहीत नसतं. परीक्षेत, अर्जात प्रमाण मराठी लागते, ती शिकावी. पण ती सोयीची गोष्ट आहे. ‘मले’ म्हटल्याने कोणाचं काही जात नाही.

आता त्याच कपातली दुसरी गोष्ट बघू. जायफळ एके काळी फक्त बांदा बेटांवर पिकायचं. त्याचा व्यापार एकहाती मिळावा म्हणून १६२१ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने ती बेटं जिंकली. तिथली बहुतेक वस्ती मारली गेली, उपासमारीने गेली, गुलाम झाली किंवा पळून गेली. पुढे जावा बेटावर १८३० पासून डच सरकारने शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा साधारण पाचवा हिस्सा कॉफी, ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांना द्यायला लावला. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्याहून जास्त घेतला गेला. तिथे नोकरी केलेल्या एदुआर्द दाउवेस डेकर याने १८६० साली मुलतातुली या टोपणनावाने ‘मॅक्स हावेलार’ ही कादंबरी लिहून ती पिळवणूक डच वाचकांसमोर मांडली.

त्या कॉफीला मात्र कोणी ‘चुकीची’ म्हटलं नाही. त्या व्यवस्थेचं नाव होतं ‘लागवड पद्धत’. दूध जास्त झालं तर चूक, आणि शेतकऱ्याची जमीन अडकवली तर पद्धत!

आपलेही असे शब्द आहेत. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. राज्यातल्या अनेक बाजार समित्यांत शेतकऱ्यांना त्याहून कमी पैसे मिळाले. त्याला आपण काय म्हणतो? ‘बाजारभाव’. जावातली सक्ती आणि आजची बाजारपेठ एकसारखी नाही, हे खरं. पण दोन्हीकडे शब्द तेच काम करतो. कोणाच्या तरी निर्णयाने झालेली गोष्ट तो पावसासारखी, आपोआप घडलेली करून टाकतो.

‘चूक’ हा शब्द आपण दिवसातून कितीदा वापरतो ते मोजून बघा. उच्चार, कपडे, जेवायची रीत, लग्नातले मान. बहुतेक वेळा कोणाचंच नुकसान झालेलं नसतं, फक्त आपली सवय दुखावलेली असते. जिथे खरोखर कोणाचं पोट मारलं जातं, तिथे मात्र आपण ‘रेट’, ‘सिस्टिम’, ‘पद्धत’ असे थंड शब्द काढतो.

म्हणून चूक म्हणण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: यात कोणाचं काय गेलं? उत्तर ‘काही नाही’ असेल तर दूध हवं तेवढं घालावं आणि समोरच्याला त्याच्या बोलीत बोलू द्यावं. उत्तर ‘एका माणसाच्या वर्षभराच्या मेहनतीचे पैसे’ असं असेल, तर तिथे ‘चूक’ हा शब्दही कमी पडतो. त्याला अन्याय म्हणावं, आणि मोठ्याने म्हणावं.